काकी घराबाहेर पडायच्या बंद का झाल्या: एका प्रकरणाची पूर्ण नोंद

काकी ६८ वर्षांच्या, गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात मुलगा, सून आणि दोन नातवंडांसोबत राहतात, यजमान जाऊन दीड वर्ष झालेलं. जूनमध्ये त्यांना माझ्याकडे आणलं ते गुडघ्यांसाठी. चिठ्ठीवर तेवढंच होतं, दोन्ही गुडघे दुखतात, चालणं कमी झालंय, व्यायाम शिकवा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, डिचोली-साखळी भागात काम करते, असे गुडघे माझ्याकडे रोज येतात. हे सगळं काकींना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काकी चप्पल काढून आत येईपर्यंत सुनेने पटकन सांगून टाकलं, "मॅडम, गुडघे आहेतच पण आईंचं मनच कशात नाही हो, बाबा गेल्यापासून सगळं सोडलं त्यांनी." सगळं म्हणजे काय विचारलं तर यादी बरीच लांब निघाली. देवळात एकादशीच्या भजनाला जायच्या ते बंद. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, वाड्यावरच्या बायकांची फुगडी याच सुरू करायच्या, ते बंद. पौषात गावच्या मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या अंगणात, धालो होतात, बायकांचा रात्रीचा गाण्या-नाचाचा उत्सव, दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या की गाणं उचलायला पहिला आवाज काकींचा, तेही बंद. लग्नाकार्याला नाही, पणजीला लेकीकडे नाही, कुणी घरी आलं तरी सोफ्यावर न बसता स्वयंपाकघराच्या दारात उभ्याच. घरच्यांनी काय काय केलं नव्हतं असं नाही. एका भाच्याने मोबाईलवर ध्यानाचं अॅप घालून दिलं, कुणी म्हणालं तीर्थयात्रेला पाठवा, कुणी म्हणालं मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि त्यातलं शेवटचं सुचवणं तसं चुकीचं नव्हतंच, कारण जोडीदार गेल्यावर या वयात खरंच डिप्रेशन येतं आणि ते ओळखायला हवंच.

पण काकींशी बोलताना मला ते जुळत नव्हतं. झोप रात्री तुटते म्हणाल्या पण भूक नीट होती. नातीला धालोची गाणी घरात बसून शिकवत होत्या, कुठल्या गाण्यानंतर कुठलं येतं ते सगळं पाठ, मला दोन ओळी म्हणूनही दाखवल्या आणि म्हणताना चेहरा असा फुलला की ज्याचं मन उडालंय त्याचा तो चेहराच नव्हे. गाण्यात जीव आहे आणि गाण्याच्या जागी जायचं नाही, म्हणजे अडचण जाण्यात आहे कुठेतरी.

मग नेहमीची टेस्ट घेतली. हात छातीवर ठेवून खुर्चीतून उठायचं, बसायचं, ३० सेकंदात किती वेळा होतं ते मोजायचं. ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ पेक्षा कमी जमलं तर पायातली ताकद कमी पडतेय आणि पडण्याचा धोका आहे असं धरतात. काकींचं ७ झालं. पण माझं लक्ष आकड्यापेक्षा दुसरीकडे गेलं, मध्येच त्या थबकल्या, गुडघे एकमेकांना घट्ट चिकटवले, श्वास धरला, मग परत उठल्या, आणि वेळ संपल्याबरोबर विचारलं, "बाथरूम खंय गो?"

त्या परत आल्यावर मी दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, काकी, खोकताना, शिंकताना, उठताना लघवी सुटते का? आधी त्यांनी दाराकडे बघितलं, सून बाहेर होती. मग म्हणाल्या, "ते असतंच गो बाय, तीन बाळंतपणं झाल्यावर आणखी काय होणार."

आणि मग सगळं निघालं. शिंकताना थेंब जाणं चाळिशीपासूनचं, त्याला त्यांनी कधी आजार म्हटलंच नव्हतं. पाळी गेल्यानंतर हळूहळू दुसरं सुरू झालं, म्हणजे लागली म्हटलं की लागलीच, टॉयलेटपर्यंत पोचेपर्यंत साडी ओली. बीपीसाठी गोळी बदलली त्यानंतर ते जास्तच वाढलं. यजमान गेले डिसेंबरात, पण त्याच्या आधीच्या चवथीला शेजारच्या घरी फुगडी घालताना, जोरात घेर फिरत असताना, एकदम बरीच लघवी गेली. सगळ्या आरतीला उठेपर्यंत काकी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. कुणाला कळलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, आता पुरे. डिसेंबरात यजमान गेले, वर्षभर तसाही सण नव्हता, त्यामुळे त्यांचं न जाणं कुणाला खटकलंच नाही आणि वर्ष उलटल्यावरही त्या बाहेर पडेनात तेव्हा सगळ्यांनी ते दुःखाच्या खात्यात टाकलं. दुःख होतंच, यजमानांबद्दल बोलताना त्या रडल्याही. पण घरात बसवलं होतं ते लघवीने, आणि ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला, लेकीला, डॉक्टरला, कुणालाच सांगितलेली नव्हती.

मला या प्रकरणातलं हेच सगळ्यात जास्त लागतं. कारण हे फार जणींना होतं आणि याला उपाय आहेत, साधे, स्वस्त, बहुतेक घरच्या घरी करायचे, आणि तरी बाई वर्षानुवर्षं जुन्या साडीच्या घड्या लावून गप्प राहते कारण तिला वाटतं हे वयाचंच. बरं, डॉक्टरही विचारत नाहीत बऱ्याचदा. बीपी विचारतात, शुगर विचारतात, गुडघे विचारतात, हे नाही.

काकींनी त्यावर स्वतःच्या परीने उपाय शोधले होते आणि ते सगळे उलटे पडत होते. पाणी कमी केलं होतं, दिवसाला दोन पेले जेमतेम. पाणी कमी म्हणजे लघवी घट्ट, घट्ट लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते, शिवाय पोट साफ होत नाही आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, कुंथून कुंथून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणखी सैल. पाणी कमी पण चहा दिवसाला पाच कप, कारण चहा हे काही पाणी नव्हे असा हिशेब, आणि चहातलं कॅफिन तर घाई वाढवतंच. दुसरं म्हणजे उगाच जाऊन यायची सवय, बाहेर पडायच्या आधी, जेवायच्या आधी, पूजेला बसायच्या आधी, लागली नसली तरी जाऊन यायचं. असं रोज केलं की मूत्राशयाला थोड्याशा लघवीलाच हाक मारायची सवय लागते. आणि तिसरं, चालणंच बंद, त्यामुळे पाय कमजोर, म्हणजे लागली की उठून जायला आणखी वेळ. गुडघे दुखत होते त्यातही या न चालण्याचा वाटा होताच.

पहिल्या भेटीत मी व्यायाम दिलाच नाही. एक वही करायला सांगितली, तीन दिवस, काय प्यायलं आणि किती, कधी लघवीला गेलात, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतात. मोजायला स्टीलचं एक जुनं मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवायला सांगितलं. काकींना ते विचित्र वाटलं पण नातीची अर्धी रिकामी वही घेऊन त्यांनी नीट लिहून आणलं, अक्षर सुंदर आहे त्यांचं. दिवसा १३-१४ वेळा, रात्री ४ वेळा, आणि दर वेळी साधारण १०० मिली, कधी त्याहूनही कमी. तसं बघितलं तर दिवसाला सात-आठ वेळा आणि एका वेळी २५० ते ४०० मिली हे ठीक, रात्री या वयात एकदा उठावं लागलं तर त्यात काही विशेष नाही. म्हणजे काकींचं मूत्राशय भरतच नव्हतं, त्याआधीच ओरडत होतं. आणि सुटल्याच्या नोंदी दोन प्रकारच्या, काही खोकताना आणि कळशी उचलताना, काही नळ सोडला की किंवा बाहेरून येऊन दाराला चावी लावली की. दोन्ही प्रकार एकत्र, या वयात ते पुष्कळदा असंच असतं.

वहीतून आणखी एक दिसलं. रात्रीच्या चार फेऱ्यांतल्या तीन मध्यरात्रीच्या आत होत्या. विचारलं गोळ्या कधी घेता, तर बीपीची गोळी संध्याकाळी सातला, सकाळी पूजेच्या घाईत विसरते म्हणून. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. आणि दुसऱ्या गोळीने दिवसभर पायांवर थोडी सूज, ते पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि रात्री लघवी होऊन जातं. हे वाचून कुणी स्वतःची गोळी थांबवू नका किंवा वेळ बदलू नका, काकींची वेळ त्यांच्या डॉक्टरांनी बदलून दिली, मी फक्त वही घेऊन त्यांच्याकडे पाठवलं.

रात्रीच्या चार फेऱ्या म्हणजे नुसती झोपमोड नाही. काकींचं घर जुनं, टॉयलेट मागच्या अंगणात, पडवी ओलांडून चार पायऱ्या उतरायच्या, आणि जूनचा पाऊस, लादीवर हिरवं शेवाळ. आपल्याकडे अशी घरं अजून किती आहेत. अर्ध्या झोपेत, घाईत, साडी एका हातात धरून ६८ वर्षांची बाई त्या पायऱ्या उतरते. मांडीचं हाड अशाच वेळी मोडतं, आणि ते मोडलं की मग लघवीचा प्रश्न फारच लहान वाटायला लागतो. म्हणून पहिलं काम तेच केलं. सुनेला सांगणं भाग होतं, काकींना विचारलं, त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, तूच सांग. सांगितल्यावर सून म्हणाली, पाणी तापवायच्या खोलीत कपड्याचे तुकडे वाळत असायचे, मला वाटलं आई फडकी धुतात. मुलाने त्या रविवारी शेवाळ खरवडून ब्लीचिंग पावडर घातली, पायऱ्यांना एका बाजूला पाइपचा कठडा लावला, बल्ब बदलला, आणि रात्रीपुरती कमोडची खुर्ची खोलीत आणली. कमोडच्या खुर्चीला काकींचा विरोध होता, आजारी माणसासारखं वाटतं म्हणून, पण पावसाळा संपेपर्यंत असं कबूल करून घेतलं.

त्याच आठवड्यात त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. हे टाळायचं नसतं. लघवीत इन्फेक्शन आहे का, शुगर वाढलीय का, अंग (गर्भाशय) बाहेर येतंय का, लघवी पूर्ण होते की आत उरते, हे बघितल्याशिवाय नुसते व्यायाम देऊ नयेत. काकींचं इन्फेक्शन नव्हतं, शुगर ठीक, अंग थोडं खाली उतरलेलं पण ऑपरेशन लागेल इतकं नाही, आणि पाळी गेल्यानंतर येतो तो कोरडेपणा बराच. त्यासाठी योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. या वयात हे कशाला असं काकींना वाटलं, लाजही वाटली, पण पाळी गेल्यावर तिथली आणि लघवीच्या मार्गाची कातडी पातळ होते, त्याने जळजळ, घाई आणि परत परत इन्फेक्शन होतं, आणि या क्रीमने त्यात फरक पडतो. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. घाई कमी करायच्या गोळ्याही असतात, पण त्यातल्या काही जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, पोट जड होतं आणि वयस्कर माणसाच्या स्मरणावर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टर बाईंनी त्या मागे ठेवल्या, आधी व्यायाम करून बघू म्हणाल्या. मला ते पटलं.

आता व्यायाम. ओटीपोटाच्या तळाला, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक चटई असते, मूत्राशय, गर्भाशय, गुदद्वार सगळं ती पेलते. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर आणखी सैल होते. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं, तेव्हापासून हा व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मोबाईलवर याचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि काकींच्या भाचीने एक पाठवलाही होता कधीतरी गंमत म्हणून. पण व्हिडिओ बघून पुष्कळ बायका नेमकं उलट करतात, आत वर ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, पोट फुगवतात, श्वास कोंडतात. काकीही पहिल्यांदा तेच करत होत्या. खाली जोर देत राहिलं तर सुटणं कमी होण्याऐवजी वाढतं.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त एकच, बरोबर ओढता येणं. आडवं व्हायचं, गुडघे मोडलेले, आणि चारचौघांत वारा सरणार आहे तो अडवायचाय असं मागून आवळायचं, तसंच पुढे लघवी अडवल्यासारखं, आणि दोन्ही एकत्र आत वर ओढायचं. पोट, मांड्या, कुल्ले मऊ, श्वास चालू. श्वास चालू आहे की नाही ते बघायला मी त्यांना मोठ्याने आकडे म्हणायला लावले, नंतर त्याच म्हणाल्या आकडे कशाला, मी ओवी म्हणते, आणि ते फारच छान जमलं कारण गाताना श्वास कोंडता येतच नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नये, स्नायू सापडतो का ते बघायला एखादवेळ ठीक, पण रोजचा व्यायाम म्हणून नाही, त्याने लघवी आत राहायची सवय लागते.

सुरुवातीला काकींना दोन सेकंद धरता यायचं. ८ वेळा ओढायचं, दिवसातून ३ दा, आणि हे निदान ३ महिने, त्याआधी निकाल बघायचा नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते. मध्ये सोडायचंही तितकंच पूर्ण, सैल सोडायला जमत नसेल तर स्नायू थकून जातो. वेळ लक्षात राहावी म्हणून सकाळी पूजा झाल्यावर, पेज घेतल्यावर आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर अशा तीन जागा ठरवल्या. अलार्म वगैरे काकींना नको होता. आडवं जमलं की बसून, मग उभं राहून, आणि सेकंद वाढवत आठ-दहापर्यंत. शिवाय पटपट आवळून सोडायचे काही, कारण शिंक काही सांगून थांबत नाही. आणि कळशी उचलायच्या, खोकायच्या, खुर्चीतून उठायच्या क्षणाआधी आवळून घ्यायचं, हे एवढं एक जरी जमलं तरी फरक लवकर दिसतो.

घाईसाठी वेगळं शिकवलं आणि मला वाटतं काकींना सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. एकदम लागली की आपण काय करतो, पळतो. पळायचं नाही. जिथे आहोत तिथे थांबायचं, शक्य तर टेकायचं, तळाचे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळायचे, लक्ष दुसरीकडे न्यायचं. ती घाई समुद्राच्या लाटेसारखी वर येते आणि ओसरतेही, ओसरली की मग सावकाश चालत जायचं. पहिल्या आठवड्यात काकी म्हणाल्या, हे तुला बोलायला सोपं, थांबले की तिथेच होतं. खरं होतं, एक-दोनदा झालंही. म्हणून आधी घरातच, टॉयलेटच्या जवळ असताना सराव करायचा, बाहेर नाही. त्याबरोबर दोन फेऱ्यांतलं अंतर, सुरुवातीला एक तास, मग दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत. उगाच जाऊन यायचं बंद.

पाणी वाढवलं, सहा-सात पेले, पण त्यातलं बहुतेक संध्याकाळी पाचच्या आत. चहा दोन कपांवर. दहाची पेज सोडायची नव्हती त्यांना आणि सोडायचं कारणही नव्हतं, ते पाणीच. पोट साफ व्हावं म्हणून जेवणात तांबडी भाजी (लाल माठ), अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), आणि कमोडवर बसताना पायाखाली लाकडी पाट, गुडघे कमरेच्या वर आले की कुंथावं लागत नाही. दुपारी अर्धा-पाऊण तास पाय उशीवर उंच करून पडायचं, म्हणजे पायांतलं पाणी रात्रीऐवजी दुपारीच निघून जातं. गुडघ्यांसाठी खुर्चीतून उठबस आणि ओट्याला धरून टाचा उचलणं, हेही रोजचं.

आणि पॅड. काकी जुन्या साडीची घडी लावायच्या, ती ओली राहते, कातडी सोलवटते आणि वासाची भीती कायम. लघवीसाठीचे पातळ पॅड वेगळे मिळतात, पाळीचे पॅड त्यासाठी बनवलेले नसतात, लघवी एकदम येते ती त्यात नीट शोषली जात नाही. दयानंद योजनेचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, पैसे महिन्याला येतात त्यातून पॅडवर खर्च करायला काकी तयार नव्हत्या, नातीसाठी साठवतात त्या, मग असं ठरलं की पॅड फक्त बाहेर जाताना.

काय झालं ते आता. पहिल्या तीन आठवड्यांत व्यायामाने काहीही फरक नाही. रात्रीच्या फेऱ्या मात्र चारवरून दोनवर आल्या, ते गोळीची वेळ बदलल्याने आणि संध्याकाळचं पाणी कमी झाल्याने, आणि झोप लागायला लागल्यावर काकी दिवसा माणसात आल्या. हे लवकर झालं ते फार बरं झालं, नाहीतर बाकीचं त्यांनी सोडलं असतं. जुलैच्या मध्यावर घरात सगळ्यांना सर्दी-खोकला, काकींना आठवडाभर खोकला आणि जे थोडं सावरलं होतं तेही गेलं, खोकल्याबरोबर सगळं ओलं. त्या निरोप पाठवून बसल्या की आता येत नाही, याने काही होणारं नाही. मी फोन केला, जास्त समजावलं नाही, एवढंच सांगितलं की खोकला हा तळाच्या स्नायूंवरचा सगळ्यात मोठा मार असतो, तो थांबला की परत मोजू. खोकला थांबल्यावर वही परत काढली तर सुटणं जूनपेक्षा कमीच होतं. आकडा स्वतःच्या अक्षरात दिसला तेव्हा त्यांना पटलं, माझ्या बोलण्याने नाही.

आठव्या आठवड्यापासून कळशी उचलताना सुटणं जवळपास थांबलं. तीन महिने झाले तेव्हा दिवसा आठ वेळा, रात्री एकदा, कधी दोनदा, अंतर अडीच तासांपर्यंत, तळाचे स्नायू आठ सेकंद धरता येतात आणि खुर्चीची टेस्ट ७ वरून १२ वर. जोराची शिंक आली तर अजूनही थेंब जातो. तो पूर्ण जाईल असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. काही जणींना एवढ्यावर भागत नाही, त्यांच्यासाठी आत बसवायची रिंग असते, औषधं असतात, ऑपरेशन असतं, त्यासाठी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, जाता येतं आणि त्यातही लाजण्यासारखं काही नाही. आणि लघवीतून रक्त, पाळी गेल्यानंतर परत रक्तस्राव, लघवी तुंबणं, किंवा पायात एकदम बधिरपणा आणि लघवीचा ताबा जाणं, यातलं काही असेल तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

चवथीला काकी शेजारच्या त्याच घरी गेल्या. पॅड लावून, निघायच्या आधी पाणी न तोडता. आधी बाजूला बसून गाणी म्हटली, मग हळू चालीच्या फुगडीत उभ्या राहिल्या, जोराच्या घेराला बाजूला झाल्या, तो निर्णय त्यांचा त्यांनीच घेतला आणि मला तो शहाणपणाचा वाटतो, उड्या मारून सिद्ध करायचं काही नव्हतं. पौषात धालो. मांडावरची अडचण वेगळी, रात्र रात्र कार्यक्रम चालतो, थंडी असते, आणि जवळ टॉयलेट नाही. पूर्वी बायका कुठेतरी आडोशाला जायच्या, वयस्कर बायका तर निघूनच जायच्या लवकर. काकींनी आपल्या वयाच्या दोघींकडे विषय काढला तर त्या दोघींचंही तेच निघालं, एक तर याच कारणाने तीन वर्षं मांडावर आली नव्हती. मग तिघींनी मिळून मांडाला लागून असलेल्या घरच्या वहिनींना विचारलं आणि धालोच्या रात्रींना त्यांचं मागचं दार, दिवा लावून, सगळ्या बायकांसाठी उघडं राहिलं. इतकं सोपं होतं ते. फक्त कुणीतरी तोंडाने म्हणायला हवं होतं.

त्या दोघींतली एक आता माझ्याकडे येते. दुसरीचं अंग बरंच बाहेर येतं, तिला आधी डॉक्टर बाईंकडे पाठवलंय.

काकींचे व्यायाम आता दिवसातून एकदाच, पण ते कायमचे, सोडले तर स्नायू हळूहळू परत सैल पडतो. क्रीम आठवड्यातून दोनदा चालू. कमोडची खुर्ची परत दिली. राहिलंय ते पणजीला लेकीकडे जाणं. अंतर अडीच तासांवर आलंय, बसचा प्रवास त्याहून कमी, म्हणजे हिशेबाने जमायला हवं, पण बस थांबवता येत नाही ही भीती अजून आहे. पुढच्या महिन्यात सुनेबरोबर आधी नुसतं म्हापशापर्यंत जाऊन यायचं ठरलंय, शुक्रवार सोडून, बाजाराच्या गर्दीत नको म्हणून.